दुमडीतलं बी

६ मार्च

खोटी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा. लिहून ठेवते, म्हणजे उद्या ‘मी नाही बाई’ म्हणायला नको.

सकाळपासून ग्रीनहाऊसमध्ये हट्टीचं बी झोडत होते. हट्टी म्हणजे आमच्या रानमाठाची लाडकी लाईन, एक घराणंच म्हणा. तीन वेगवेगळी तणनाशकं मारली तरी दाद देत नाही, म्हणून हे नाव. बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत. एका झाडाला चार-पाच लाख! म्हणून तर आमचे एवढे सोवळे नियम. आतला कोट बाहेर न्यायचा नाही, आतले बूट बाहेर न्यायचे नाहीत. आणि निघताना दुसऱ्या माणसाने ब्रश घेऊन तुम्हाला नखशिखांत झटकायचं, कॉलर, खिसे, दुमडी, सगळं. मग वहीत दोघांच्या सह्या. स्वतःचं स्वतः झटकायचं नाही. लॅबप्रमुख मॅडम म्हणतात, माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो.

साडेअकराला दादाचा फोन. बाबा बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, लगेच नीघ. चिमटा मीटिंगला गेलेली. (चिमटा म्हणजे माझी लॅबमधली जोडीदारीण. चहातली माशीसुद्धा चिमट्याने काढते.) ग्रीनहाऊसचे काका जेवायला गेलेले. माझं मीच झटकलं, माझी सही केली आणि शेजारी चिमट्याचं ते गांडुळासारखं वळवळणारं अक्षर काढलं. उंदराला मांजर साक्ष. उंदीर मी आणि मांजरही मीच.

बस मिळाली. बाबांचं काय होणार, कोण जाणे. पानं हलतायत, अक्षर बघ काय झालंय.

७ मार्च

ऑपरेशन झालं. रॉड घातला. तीन महिने अंथरुणावर. पण बाबा आहेत. बाकी काही नको मला.

भूल उतरताना सारखं एकच – ‘बांधावर जा… बांधावर जा कोणीतरी.’ दादा हसला. म्हणाला, शुद्ध नाही तरी फेरी चालू आहे. गेली कित्येक वर्षं बाबा रोज सकाळी सहाला एकटे बांधावर जातात. गवत उपटतात. आम्हाला येऊ देत नाहीत. तुम्ही घाई करता, मुळं ठेवता, म्हणतात. आम्ही त्याला बाबांचा मॉर्निंग वॉक म्हणतो.

आता खरी गोष्ट लिहिते.

दुपारी हॉस्पिटलमधून घरी आले अंघोळीला. मागच्या दाराच्या नळाशी बसले, पाय धुवायचे म्हणून पँटची दुमड उलगडली. माझी पँट लांब आहे, दोन घड्या घालते. घडीतून काळं काळं पडलं. चकचकीत. वहिनी तेवढ्यात नळ सोडून कळशी लावत होती. पाणी वाहत होतं. मी ओल्या बोटाने एकेक टिपलं. चौदा.

चौदा सापडले. पडले किती, देवाला ठाऊक. नळाचं पाणी पाटाने थेट दादाच्या गाजराच्या प्लॉटमध्ये जातं. आणि दादा गाजरं पिकवत नाही, गाजराचं बियाणं पिकवतो! त्याच्या पोत्यात एक जरी रानमाठाचं बी गेलं तरी ते शंभर शेतांत जाणार.

वहिनीने विचारलं काय शोधतेस. म्हटलं, कानातलं पडलं. माझ्या कानात दोन्ही होती.

११ मार्च

परत आले. कोणाला काही बोलले नाही.

बोलले तर काय होईल, ते भिंतीवरच लावलंय. नियम नववा. बी बाहेर गेल्याचं कळलं की आतलं सगळं भट्टीत. झाडं, माती, पाकिटं, सगळं. ग्रीनहाऊसला कुलूप. मॅडमची अकरा वर्षं, माझी चार. आणि मॅडम माझ्याकडे ज्या नजरेने बघतील ती नजर.

नाही बोलले तर दादाचं रान.

बी कदाचित वाहून गेलं असेल. कदाचित मुंग्यांनी खाल्लं असेल. कदाचित, कदाचित. गाढव आहे मी.

१४ मार्च

चिमट्याने आज झटकणीची वही चाळली. नुसती चाळली, कारण तिला पेन सापडत नव्हतं आणि ते वहीत होतं. पण सहा तारखेच्या पानावर थांबली. माझं धाबं दणाणलं. हातातली कुंडी जवळजवळ सोडलीच.

मग म्हणाली, ‘सहाला मी मीटिंगला नव्हते का गं?’

मी म्हटलं, तू जाताजाता झटकलंस ना मला. ती म्हणाली, असेल बाई, माझं डोकं म्हणजे चाळणी झालंय. आणि पेन घेऊन गेली.

एक खोटं झाकायला दुसरं. आता तिसरं कधी, तेवढंच बघायचं.

१९ मार्च

माठ उगवायला चार-पाच दिवस लागतात. बारा झाले. दादाचा फोन नाही. बरं आहे.

२३ मार्च

फोन आला! बाबा आज काठी धरून उभे राहिले, एवढंच सांगायला केला होता. मी ‘हो का, वा वा’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने की कशाने, माझं मलाच कळलं नाही.

बाबा म्हणे सारखे चिडतात. खिडकीपाशी खाट हलवा म्हणतात. दादा म्हणतो, पेशंटपेक्षा आम्हीच बारीक झालोय.

२ एप्रिल

आला फोटो.

गुडघाभर झाड. लालसर देठ, पान लांब देठाचं, वरून बघितलं तर फुलासारखी पानांची रचना. हजार झाडांत ओळखेन मी. खाली दादाचा मेसेज: ‘शास्त्रज्ञ बाई, हे कोण पाहुणे? दोनदा पंप मारला. शेजारचं गवत जळून खाक झालं, यांना साधी शिंक नाही. घरात एवढी मोठी तज्ज्ञ असून काय उपयोग?’

दोनदा मारला आणि मेलं नाही.

जेवण गेलं नाही. चिमटा म्हणाली, तुझा चेहरा बघ, कोणी गेल्यासारखा. म्हटलं, पित्त झालंय. चिमट्याशी हे तिसरं.

५ एप्रिल

घरी जाऊन आले. एक दिवसात जा-ये.

पाटाच्या कडेने चाळीस झाडं. बसून सगळी उपटली, एकेक, मुळासकट. दादा उभा राहून बघत होता. म्हणाला, मी जन्मात हे गवत आपल्या रानात पाहिलं नाही, आलं कुठून? मी मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं याला सगळं कळलंय आणि हा मुद्दाम विचारतोय. त्याला काही कळलं नव्हतं. त्याला फक्त गुडघे दुखतात म्हणून बसायचं नव्हतं.

बांधावरही आहे. वरच्या अंगाला, पार टोकापर्यंत, दाट. तिथली काही कमरेएवढी. मला वाटलं, पाटातून तिकडे कसं गेलं? पाणी चढावर जात नाही. पण मुंग्या नेतात, पाखरं नेतात, माणसाच्या बुटाला लागून जातं. कसंही गेलं असेल. माझ्यामुळेच गेलं ना!

वरचं उपटायला वेळ नव्हता, चारची शेवटची बस. दादाला बजावलं, पंप मारू नकोस, हाताने काढ, लवकर काढ. तो म्हणाला, गाजराला फुलोरा आलाय, मधमाश्यांच्या पेट्या आल्यात, आत्ता माणसं कुठून आणू? चार गवतं आहेत, काढू पुढच्या आठवड्यात. मी ओरडले त्याच्यावर. वहिनी बाहेर आली. दादा म्हणाला, अगं, गवत आहे, वाघ नाही. खरं कारण सांगितल्याशिवाय त्याला कसं पटणार? आणि ते तर तोंडातून निघेना.

बाबांपाशी बसले पाच मिनिटं. फार वाळलेत. माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटीपालटी करून बघत बसले. देठाच्या रसाने बोटांची टोकं काळपट लाल झाली होती. बाबांची बोटं मला आठवतं तेव्हापासून अशीच आहेत. आई होती तेव्हा दगडाने घासायला लावायची.

‘मुळासकट काढलंस?’ बाबांनी विचारलं.

हो म्हटलं.

‘आणि वरचं?’

मी विचारणार होते, बाबा, तुम्हाला खाटेवरून काय ठाऊक वरचं. तेवढ्यात दादा गोळ्या घेऊन आला, माझी बॅग माझ्या हातात दिली, बस सुटेल म्हणाला. पळाले.

पाच झाडांची पानं पाकिटात घालून आणलीत. पुस्तकात दाबून. लॅबमधून बी चोरून नेलं, आता घरून पानं चोरून आणली.

९ एप्रिल

पानांचा डीएनए काढला. आमच्याकडे साठ शेतांचे नमुने आहेत, एक ते साठ नंबरांचे. कोणाचं शेत ते आम्हा पोरांना माहीत नसतं. मॅडमनी शेतकऱ्यांना शब्द दिलाय, नाव बाहेर जाणार नाही. कोणाच्या बांधावर असलं तण निघालं हे गावात कळलं तर त्याचं बियाणं कोण घेणार? नावांची वही मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या गळ्यात.

मी माझ्या पाच नळ्यांवर एकसष्ट ते पासष्ट लिहिलं आणि इतरांबरोबर मशीनला लावल्या. चार दिवस.

कुलदैवताची आठवण फक्त अशा वेळी होते मला. बिचारं कंटाळलं असेल.

११ एप्रिल

आज उगाच आठवलं. आठवीत होते. बांधावर एक बाई बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, भोवती कागदी पिशव्या. गवत असं हळुवार उपटत होत्या की जसं काही कोणाचं तान्हं उचलतायत. मी विचारलं हे कशाला. त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, बघ. मी फुलाच्या आत पाहिलं आणि तिथेच माझं ठरलं. पुढे विद्यापीठात आले तर दारावर त्याच बाईंचं नाव. मॅडम.

ज्या माणसाने भिंग दिलं त्याच्याच ग्रीनहाऊसला मी आग लावणार.

१३ एप्रिल

लागला निकाल. पाचही हट्टीच्या घराण्यातली.

स्क्रीनवर आलेला तक्ता तीनदा पाहिला. मग नंबर अदलाबदल झाले असतील म्हणून नळ्या काढून पाहिल्या. नाही झाले. माझंच अक्षर, माझंच पाप.

दादाचं रान मी नासवलं. अंथरुणावर पडलेल्या बापाचं रान. आता ते वीस वर्षं जाणार नाही तिथून. बी मातीत पडून राहतं, वाट बघतं.

१४ एप्रिल

मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. आत कोणी पाहुणे होते. परत आले. पाहुणे नसते तरी परत आले असते.

१५ एप्रिल

आज पाहुणे नव्हते. परत आले.

चिमटा आपल्या नव्या कुंड्यांना नावं ठेवत होती, हट्टी, महाहट्टी, सासूबाई. मला म्हणाली, हस की जरा. मी हसले. ती म्हणाली, राहू दे, नको हसूस.

१७ एप्रिल

सांगितलं.

दार लावून उभ्यानेच सांगितलं सगळं. सही, दुमड, नळ, चौदा बिया, फोटो, पाच नळ्या. मध्ये एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पळालेच असते. शेवटी म्हटलं, मॅडम, भट्टी पेटवा, मला काढा, पण आधी दादाच्या रानाचं काहीतरी करा.

मॅडमनी चष्मा पुसला. तक्ता मागितला. बराच वेळ पाहत बसल्या. मला वाटलं आता फुटेल ज्वालामुखी.

तर म्हणतात कशा, ‘तुझ्या दुमडीतून नातवंडं पडतील एक वेळ. आजोबा कसे पडतील?’

मला कळेना. मग त्यांनी पेन्सिलने दाखवलं. आमची हट्टी गेली अकरा वर्षं आपल्याआपल्यात वाढवलेली, सगळी एका छापाची. घरची पाच झाडं तिच्याच घराण्यातली, पण एकमेकांपासून केवढी तरी वेगळी. जुनं, पसरलेलं, भरलेलं गोकुळ. चौदा बियांतून महिन्याभरात एवढं गोकुळ होत नाही. माझं बी पडलंही असेल, पण ही झाडं त्याची नाहीत. हट्टी आमच्याकडून तिकडे गेलेली नाही. तिकडून आमच्याकडे आलेली आहे.

मी भीतीने एवढी आंधळी झाले होते की फक्त ‘घराण्यातली’ हा शब्द वाचला आणि तक्ता मिटला. चार वर्षं हेच काम करते मी. दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर मी त्याला सोलून काढलं असतं.

मॅडमनी गळ्यातली किल्ली काढली. कपाट उघडलं. वही काढली. नमुना तेवीस, म्हणजे हट्टीची मूळ आई. समोर शेताची खूण, आणि खाली सही. बाबांची सही. ते ‘र’ला मोठा फलकारा देतात, तो फलकारा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चार वर्षं मी माझ्याच बांधावरच्या झाडाला हट्टी म्हणत होते.

मॅडम म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वी कुठूनतरी भाड्याच्या मळणी यंत्राबरोबर बी आलं असावं, बाबांनीच बोलावून दाखवलं होतं. औषध चालणार नाही हे त्यांनी बाबांना तेव्हाच सांगितलं. फक्त हाताने, तुरा येऊन बी धरायच्या आधी, एकही दिवस न चुकवता. बाबांनी एकच अट घातली, घरात सांगायचं नाही. मुलगा आत्ताच बियाण्याच्या धंद्यात पडलाय, धीर सोडेल. मी इथे अर्ज केला तेव्हा मॅडमनी बाबांना फोन केला होता, घेऊ का म्हणून. बाबा म्हणाले, घ्या, पण नंबर सांगू नका.

खोट्या सहीबद्दल मॅडम बोलल्याच. दोन महिने ग्रीनहाऊस बंद मला, आणि चिमट्याची माफी सगळ्यांसमोर मागायची. बीसुद्धा बाहेर गेलंच आहे, ते त्या उद्या वर कळवणार. मागेन माफी! पाया पडून मागेन! जे होईल ते होऊ दे.

निघताना त्यांनी विचारलं, बाबा कसे आहेत आता. म्हटलं, सहा मार्चपासून अंथरुणावरच आहेत, अजून दीड महिना तरी. मॅडम कपाट लावता लावता थांबल्या. उद्याच घरी जा म्हणाल्या. मला वाटलं, हळहळल्या.

मी नाही आणलं. मी नाही आणलं! सहा आठवड्यांनी आज पोटभर जेवले.

१८ एप्रिल

बाबांना सांगितलं, मॅडमनी वही दाखवली. रागावले नाहीत. नुसते खिडकीकडे बघत राहिले. मग दादा ऐकणार नाही एवढ्या हळू म्हणाले, ‘मी पडलो त्या दिवसापासून बांधावर कोण जातं?’

त्रेचाळीस सकाळी झाल्या. मी खिडकीतून पाहिलं. बांधावर माणसाच्या उंचीचे तुरे उभे होते आणि वाऱ्यावर त्यांच्या परागांची पिवळी धूळ उडत होती.

कोणी नाही, बाबा.